शेवाळांच्या नांवांचा फेरफार

गेल्या पंचवीस वर्षांत गोड्या पाण्यांतील हिरव्या शेवाळांच्या शास्त्रीय नांवांत मोठी उलथापालथ झाली आहे. तिजविषयीं आमच्याकडील महाविद्यालयांतून एक तक्रार नित्य ऐकूं येते. ती अशी कीं, परदेशांतील पंडितांस दुसरा उद्योग उरलेला नाहीं, म्हणून ते रुळलेल्या व पाठ झालेल्या नांवांची मोडतोड करून नवीं अवघड नांवें आमच्या माथीं मारीत बसले आहेत. जीं नांवें आम्ही विद्यार्थिदशेंत शिकलों आणि जीं आज तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों, तीं एकाएकीं टाकाऊ कशीं ठरलीं, असा या लोकांचा प्रश्न असतो. याच्या उलट एक दुसरा वर्गहि आतां निपजला आहे. त्याची कसलीच तक्रार नाहीं. तो संगणकावर नांवांची यादी उघडतो, जुन्या नांवासमोर नवें नांव सांपडलें कीं तें आपल्या प्रबंधांत उतरवून घेतो, आणि आपण अद्ययावत् झालों असें समजून स्वस्थ बसतो. पहिला वर्ग नव्या नांवांवर रागावतो, दुसरा त्यांस नमस्कार करतो. विचार दोघेहि करीत नाहींत. प्रस्तुत लेखांत आम्हांस असें प्रतिपादन करावयाचें आहे कीं, नांव बदलणें हा अपराध नव्हे; नमुना न ठेवितां नांव छापणें हा अपराध आहे, आणि मराठवाड्यांत तो राजरोसपणें चालला आहे.

ज्या वाचकांचा या शास्त्राशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं वादाचें स्वरूप प्रथम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. आपल्या बोलण्यांत शेवाळ हा एकच शब्द आहे. निलंग्याकडील एखाद्या जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर जो निसरडा थर असतो तेंहि शेवाळ, गुरांच्या हौदांत केसांच्या झुबक्यासारखे जे हिरवे तंतु वाढतात तेंहि शेवाळ, आणि ओसरत्या तळ्याचें पाणी उन्हाळ्यांत हिरवट दिसूं लागतें तेंहि शेवाळच. परंतु त्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला म्हणजे या एका शब्दाच्या पोटांत केवढी वस्ती दडली आहे तें कळतें. चार किंवा आठ पेशी फळीला फळी लावावी तशा एका ओळींत चिकटलेल्या दिसतात, तें सेनेडेस्मस. कांठाला दांते असलेली चपटी चकती दिसते, तें पेडिआस्ट्रम. नुसती हिरवी गोळी दिसते, तिला बहुधा क्लोरेला म्हणतात. अशा प्रत्येक जातीस दोन शब्दांचें नांव असतें. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आपल्या आडनांवासारखा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. ही जाति निराळ्या घराण्यांतील आहे असें ठरलें म्हणजे आडनांव बदलतें. स्वतःचें नांव शक्यतों कायम राहतें.

उदाहरणार्थ, एकाच शेवाळाचा इतिहास पाहूं. फ्रान्समधील ट्युर्पिन यानें १८२८ सालीं एका शेवाळास 'ॲक्नँथीस ऑब्लिक्वा' असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८२९ सालीं, जर्मनींत मायेन यानें सेनेडेस्मस ही प्रजाति स्थापिली, आणि १८३३ सालीं क्यूट्झिंग यानें ट्युर्पिनचें शेवाळ त्या प्रजातींत नेलें. प्रजातीचें नांव आतां पुल्लिंगी झाल्यामुळें 'ऑब्लिक्वा'चें 'ऑब्लिक्वस' झालें. संस्कृत शिकलेल्या वाचकास यांत नवल वाटणार नाहीं. विशेष्याचें लिंग विशेषणास घ्यावेंच लागतें. सेनेडेस्मस ऑब्लिक्वस हें नांव पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ टिकलें. २००१ सालीं युक्रेनच्या त्सारेन्कोनें तें 'ॲक्युटोडेस्मस ऑब्लिक्वस' केलें; आणि २०१५ सालीं विन या अमेरिकन संशोधकानें दाखवून दिलें कीं, या गटासाठीं जी. एम्. स्मिथ यानें १९१३ सालींच टेट्राडेस्मस हें नांव दिलेलें आहे, तेव्हां नियमाप्रमाणें जुन्यास मान मिळाला पाहिजे. आज तें शेवाळ 'टेट्राडेस्मस ऑब्लिक्वस' या नांवानें ओळखलें जातें.

हा प्रकार आमच्या शेतकऱ्यांस समजावून सांगण्यास फारसा वेळ लागणार नाहीं. जमीन एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावरील जुन्या खातेदाराचें नांव पुसून टाकीत नाहींत. त्यास कंस करतात, आणि फेरफाराचा क्रमांक घालून नवें नांव लिहितात. वनस्पतिशास्त्रांतहि नेमकी हीच रीत आहे. जातीस पहिलें नांव देणाऱ्याचें नांव कंसांत जातें, व नवी जोडणी करणाऱ्याचें नांव कंसाबाहेर येतें. आडनांव कितीहि वेळां बदललें तरी ट्युर्पिन जवळ जवळ दोनशें वर्षें त्या कंसांत सुखरूप बसला आहे. तेव्हां नवे लोक जुन्यांचें श्रेय लुबाडतात हा आक्षेप निराधार आहे. मात्र एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. फेरफार खरा कीं खोटा हें उताऱ्याच्या कागदावरून ठरत नाहीं. तें शेतांत उभें राहून हद्दीच्या दगडावरून ठरतें. शेवाळांच्या बाबतींत हद्दीचा दगड म्हणजे मूळ नमुना, अगर नमुना उपलब्ध नसेल तर मूळ चित्र. आमचें सर्व म्हणणें या दगडाविषयींचें आहे.

आतां, फेरफार करण्याचें कारणच काय, असें विचारलें जाईल. कारण असें कीं, वर्गीकरण म्हणजे वस्तु ठेवण्याचे कप्पे नव्हेत. तें नात्याविषयींचें विधान आहे, आणि विधान चुकीचें ठरलें तर तें मागें घेणें हें शास्त्राचें कर्तव्यच आहे. १९९९ सालीं आन, फ्रीडल व हेगेवाल्ट या तिघांनीं सेनेडेस्मस म्हणून समजल्या जाणाऱ्या जातींच्या डीएनएची तुलना करून दाखविलें कीं, त्यांत दोन निरनिराळीं घराणीं मिसळलीं आहेत. ज्यांच्या भित्तिकेवर काटे व नक्षीदार उंचवटे असतात त्यांचें घराणें त्यांनीं वेगळें काढून त्यास डेस्मोडेस्मस असें नांव दिलें. २००५ सालीं पेडिआस्ट्रमचीहि अशीच वांटणी झाली. पेडिआस्ट्रम टेट्रास हें स्टॉरिडियम झालें, बोरियानम हें स्यूडोपेडिआस्ट्रम झालें, आणि ज्याच्या कांठावरील प्रत्येक पेशीस एकच शिंग असतें तें सिंप्लेक्स 'मोनॅक्टिनस' झालें. या शेवटच्या नांवाची गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोर्डा नांवाच्या अभ्यासकानें १८३९ सालींच सिंप्लेक्स हें मोनॅक्टिनस या निराळ्या प्रजातींत घातलें होतें. पुढच्या पिढ्यांनीं त्याचें ऐकलें नाहीं. डीएनएनें १६६ वर्षांनीं त्याचा दावा मान्य केला. जें नांव आमचे मित्र परकी व नवें म्हणून झिडकारतात, तें त्यांच्या पाठ असलेल्या कित्येक नांवांहून जुनें आहे!

याहूनहि मोठा उलगडा स्पायरोगायरासंबंधानें झाला आहे. अकरावीच्या विद्यार्थ्यासहि ठाऊक असलेलें हें तंतुमय शेवाळ क्लोरेलाच्या शेजारीं 'हिरवीं शेवाळें' या एकाच मथळ्याखालीं शिकविलें जात असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील संशोधनानें असें सिद्ध होत आलें आहे कीं, स्पायरोगायरा ज्या गटांत मोडतें तो गट जमिनीवरील सर्व वनस्पतींचा सर्वांत जवळचा जिवंत आप्त आहे. म्हणजे हौदांतील त्या झुबक्याचें नातें शेजारच्या हिरव्या गोळीपेक्षां बांधावरच्या ज्वारीशीं अधिक जवळचें आहे. ज्या विषयांतून असें ज्ञान निघतें त्यास नांवांचा खेळ म्हणणें हें आळसाचें लक्षण होय.

दुसरेंहि एक कारण आहे, आणि तें आमच्या पुढील प्रतिपादनास फार उपयोगी आहे. या शेवाळांचा आकार फसवा असतो. १९९३ सालीं हेसेन व फान डोंक यांनीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. डॅफ्निया हा पाण्यांतील पिसवेसारखा दिसणारा सूक्ष्म प्राणी शेवाळ खाऊन राहतो. ज्या पाण्यांत डॅफ्निया राहिला होता तें पाणी गाळून त्यांनीं सेनेडेस्मसच्या सुट्या पेशींत घातलें. डॅफ्निया स्वतः तेथें नव्हता. त्याची नुसती चाहूल होती. एवढ्यानें त्या पेशी एकत्र राहून मोठमोठ्या वसाहती करूं लागल्या. २००६ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं तसेंच दुसरें उदाहरण पुढें आणलें. क्लोरेलासारख्या दिसणाऱ्या कांहीं गुळगुळीत गोळ्यांवर ब्रॅकिओनस या भक्षक प्राण्याच्या सहवासानें लांब केस उगवले, आणि त्या मायक्रॅक्टिनियमच्या आप्त निघाल्या. एकच प्राणी उन्हाळ्यांत पागोटें व थंडींत टोपी घालूं लागला म्हणून त्यास दोन नांवें देणारा शिरगणतीदार जसा हास्यास्पद ठरेल, तसें पुष्कळ जुन्या जातींचें झालें आहे. क्लोरेलांत शंभरांवर जाति वर्णिल्या गेल्या होत्या. १९९९ सालच्या एका मोठ्या पाहणींत त्यांतील अवघ्या चारच खऱ्या क्लोरेला ठरल्या.

तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनें जें न्याय्य आहे तें मान्य केलें पाहिजे. कांहीं फेरफार घाईनें झाले. ॲक्युटोडेस्मस ही प्रजाति चौदा वर्षें नांदून गेली, आणि तेवढ्या अवधींत शेंकडों निबंधांचे मथळे शिळे झाले. औषधी व्यवसायांत ज्याच्यापासून लाल रंगद्रव्य काढतात तें 'हीमॅटोकॉकस प्लुव्हिॲलिस' हें नियमानें 'लॅकस्ट्रिस' ठरतें असें २०१६ सालीं दाखविण्यांत आलें; पण व्यापारी अजून जुनेंच नांव चालवितात. नामकरणाचे नियम करणाऱ्या मंडळींस अशा गैरसोयीची जाणीव नाहीं असें मात्र नाहीं. उपयोगी नांव वाचविण्याची सोय त्या नियमांतच केलेली आहे. क्लॅमिडोमोनासच्या बाबतींत काटेकोर नियम लावला असता तर जगांतील प्रयोगशाळांतून वापरलें जाणारें 'राइनहार्टी' त्या नांवास मुकलें असतें. २००७ सालीं रीतसर अर्ज झाला, तो मान्य झाला, आणि राइनहार्टी हीच त्या प्रजातीची आधारभूत जाति ठरली. ज्यास आक्षेप असेल त्यास दाद मागण्याचें दार उघडें आहे. अर्ज न करतां ओट्यावर बसून सरकारास शिव्या देणाऱ्याची जी योग्यता, तीच वर्गांत नव्या नांवांची टवाळी करणाऱ्या प्राध्यापकाची.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. क्लोरेलाच्या शंभर जातींची वाताहत झाली, पण 'क्लोरेला व्हल्गॅरिस' या नांवास धक्काहि लागला नाहीं. कां? बायेरिंक या डच शास्त्रज्ञानें १८८९ सालीं डेल्फ्टजवळच्या एका तळ्यांतून तें शेवाळ वेगळें काढलें, १८९० सालीं त्याचें वर्णन केलें, आणि त्याचा वंश जिवंत ठेविला. तो वंश आजहि जर्मनींत गटिंगेन येथील संग्रहांत वाढत आहे. शंभर वर्षांनीं डीएनए वाचण्याची विद्या निघाली, तेव्हां बायेरिंकचें शेवाळ साक्षीस उभें राहिलें. साक्षीदार हयात असल्यामुळें खटल्याचा निकाल एका दिवसांत लागला. ज्या जातींचा नमुना नव्हता, चित्र नव्हतें, केवळ चार ओळींचें वर्णन होतें, त्या नुसत्या संशयास्पद राहिल्या. म्हणूनच १९५८ सालापासून शेवाळाच्या नव्या जातीचें वर्णन चित्रावांचून ग्राह्यच धरावयाचें नाहीं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नांव हें हुंडीसारखें असतें. पेढींत रोकड असेल तरच तें वटतें.

या कसोटीवर आमच्या भागांतील काम घांसून पाहिलें म्हणजे काय दिसतें? पूर्वसूरींविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. १९४६ सालीं एला गोन्साल्विस व जोशी यांनीं मुंबईस वांद्र्याच्या तळ्यांतील शेवाळांचा ऋतुक्रम प्रसिद्ध केला. नांवें कितीहि बदललीं तरी कोणत्या ऋतूंत कोणता गट वाढतो हें त्यांचें निरीक्षण वाया जाणार नाहीं. कामतांनीं १९६३ सालीं कोल्हापूरच्या शेवाळांवर विस्तृत लेख लिहिला. मराठवाड्यांतील शेवाळांच्या यादींत कामत व आष्टेकर यांनीं १९७९-८० च्या सुमारास 'फायकॉस' या नियतकालिकांतून भर घातली. भारतीय कृषि संशोधन परिषदेनें काढलेल्या ग्रंथमालेंत फिलिपोज यांचा १९६७ सालचा ग्रंथ व गोन्साल्विसबाईंचा १९८१ सालचा ग्रंथ हे आजहि टेबलावर ठेवण्याजोगे आहेत. या मंडळींनीं आपापल्या काळच्या ज्ञानाप्रमाणें कष्टानें काम केलें. आमची तक्रार त्यांच्याविरुद्ध नसून, त्यांच्या पश्चात् जो कारखाना निघाला त्याविरुद्ध आहे.

हा कारखाना असा चालतो. एक तळें निवडावयाचें; दरमहा एक अशा बारा किंवा चोवीस बाटल्या पाणी आणावयाचें; अमेरिकेंतील मोठ्या सरोवरांच्या शेवाळांवर प्रेस्कॉट यानें १९५१ सालीं लिहिलेलें पुस्तक उघडून, चित्राशीं जुळेल तें नांव लिहावयाचें; आणि शेवटीं साठ-सत्तर नांवांची यादी छापून पदवी घ्यावयाची. बाटल्यांतील पाणी पदवीच्या समारंभापूर्वींच मोरींत जातें. चित्र असलें तर बहुधा पुस्तकावरून उतरविलेलें, किंवा मापरेषा नसलेलें अंधुक छायाचित्र. बहुतेक याद्यांत 'सेनेडेस्मस क्वाड्रिकॉडा' असतेंच. त्याचा अर्थ एवढाच कीं, लिहिणाऱ्यानें चार पेशी व चार काटे पाहिले. त्या वर्णनांत बसणाऱ्या अनेक जाति आहेत, हें आतां ठाऊक झालें आहे. त्यांतील कोणती पाहिली हें सांगण्याचें साधन त्यानें स्वतःच्या हातानें ओतून दिलें.

आणि येथेंच तो दुसरा, अद्ययावत् वर्ग पुढें येतो. तो ही जुनी यादी घेतो, आंतरराष्ट्रीय सूचींत क्वाड्रिकॉडासमोर 'डेस्मोडेस्मस कम्यूनिस' असें वाचतो, आणि आमच्या तळ्याच्या नांवावर डेस्मोडेस्मस कम्यूनिसची नोंद करून मोकळा होतो. सूची करणाऱ्यांचा यांत दोष नाहीं. आयर्लंडांत १९९६ पासून चाललेली 'अल्जीबेस' ही सूची अत्यंत परिश्रमाची व उपकारक आहे. परंतु ती नांवाचा इतिहास सांगते. निलंग्याच्या बाटलींत काय होतें तें तिला कोठून कळणार? शेतांत पाऊल न टाकतां चावडींत बसून फेरफार ओढणाऱ्या तलाठ्यासारखें हें काम आहे. जुनें नांव अंदाजाचें होतें. नवें नांवहि अंदाजाचेंच, परंतु त्याच्या अंगावर निश्चितपणाचा कोट चढविलेला. पहिला वर्ग निदान जुनी चूक जुन्या नांवानें चालवितो. दुसरा तीच चूक नव्या नांवानें जगाच्या बाजारांत पाठवितो, म्हणून तो अधिक घातक आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या सूक्ष्म जीवांच्या नांवासाठीं इतका आटापिटा कशास? या प्रश्नाचें उत्तर बेरजेनें देतां येतें. १९६९ सालीं पामर या अमेरिकन संशोधकानें १६५ लेखकांचीं निरीक्षणें एकत्र करून एक गुणपत्रक तयार केलें. घाण पाणी सोसणाऱ्या वीस प्रजातींस त्यानें एक ते पांच गुण दिले. पाण्यांत सांपडलेल्या प्रजातींच्या गुणांची बेरीज २० किंवा अधिक झाली तर सेंद्रिय प्रदूषण फार आहे. १५ ते १९ झाली तर तें असावें. त्याहून कमी झाली तर बहुधा कमी आहे, असा त्याचा नियम. आमच्याकडील तळ्यांवरच्या प्रबंधांत हें गुणपत्रक मोठ्या श्रद्धेनें वापरलें जातें. आतां समजा, एका तळ्यांत युग्लीना ५, ऑसिलेटोरिया ५, क्लॅमिडोमोनास ४, सेनेडेस्मस ४ व अँकिस्ट्रोडेस्मस २ इतके सांपडले. बेरीज २० झाली; पाणी वाईट. त्याच तळ्यांतील काटेरी सेनेडेस्मसला नव्या नांवानें डेस्मोडेस्मस म्हटलें, व पामरच्या यादींत तें नांव नाहीं म्हणून सोडून दिलें, तर बेरीज १६ वर येते. सुट्या पेशींच्या अँकिस्ट्रोडेस्मसला मोनोरॅफिडियम म्हटलें तर ती १४ वर येऊन तळें निर्दोष सुटतें. उलट एखाद्या उत्साही विद्यार्थ्यानें डेस्मोडेस्मस व टेट्राडेस्मस या दोघांसहि सेनेडेस्मसचे चार-चार गुण दिले, तर मूळच्या २० चे २४ होतात. पाण्याचा एक थेंबहि न बदलतां तें एकदां पिण्यास बरें, एकदां संशयित व एकदां घातक ठरलें! क्लोरेलाला ३ गुण आहेत व मायक्रॅक्टिनियमला १. वर सांगितलेल्या प्रयोगावरून पाहतां, एकच शेवाळ जवळ भक्षक आहे किंवा नाहीं यावरून तिनाचें किंवा एकाचें धनी होऊं शकेल. नगरपालिकेंतील किंवा जिल्हा कचेरींतील अधिकारी नामकरणाच्या वादांत शिरत नाहीं. तो शेवटची बेरीज वाचतो, व तिच्यावर सही करतो. आणि तें पाणी लोक पितात.

अशा वेळीं नमुना ठेविलेला असता तर काय झालें असतें? नव्या नांवाचा विद्यार्थी जुनी बाटली उघडून पाहता, व म्हणता कीं, पूर्वी ज्यास सेनेडेस्मस म्हटलें तें हें. पामरच्या यादींतील गुण यासच लावावयाचे. दोन्ही नांवें एकमेकांशीं जुळविण्याचें काम एका दुपारचें होतें. उस्मानाबादचें धाराशिव २०२३ सालीं झालें. जुन्या कागदांवर एक नांव आहे, नव्यांवर दुसरें. पण कोणाचा खटला त्यापायीं बुडाला नाहीं, कारण गांव आपल्या जागीं आहे. आमच्या शेवाळांचें मात्र नांवच छापलें गेलें, गांव वाहून गेलें.

वाहून गेलें हा शब्द आम्ही अलंकारासाठीं वापरलेला नाहीं. हवें तर पुन्हां त्याच तळ्यावर जाऊन पाणी आणूं, असें म्हणण्याची सोय सुकाळाच्या प्रदेशांत असते. मांजरा-तेरणेच्या खोऱ्यांत ती नाहीं. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें, आणि एप्रिल महिन्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें येथील लहान मुलासहि आठवतें. २०१७ पासून तळ्यांतील गाळ काढून तो शेतांत टाकण्याची सरकारी योजना सुरू झाली. ती शेतीस हितकारक असेलहि, पण ज्या गाळांत शेवाळांचे सुप्त बीजाणु कोरड्या वर्षांत तग धरून राहतात तो गाळ तिच्यायोगें हलविला जातो. आड बुजले, बारवा पडल्या, हौदांच्या जागीं नळ आले. १९८० सालच्या यादींतील एखादें नांव आज पडताळावयाचें झाल्यास तें पाणीच जागेवर असेल असा भरंवसा कोणी द्यावा? जेथें पाणी टिकत नाहीं तेथें नमुना टिकविण्याची जबाबदारी इतरांपेक्षां दुप्पट असते. आमच्याकडे ती कोणीच पत्करलेली नाहीं.

यावर एक ठरीव उत्तर मिळतें: आमच्याजवळ डीएनए वाचण्याचीं यंत्रें नाहींत, पैसा नाहीं, तेव्हां हें सर्व मोठ्या संस्थांनीं करावें. हें उत्तर सोयीचें आहे, पण खरें नाहीं. डीएनए आज वाचतां येत नसेल तर उद्यां वाचतां येईल. बायेरिंकलाहि तो वाचतां येत नव्हता. त्यानें फक्त शेवाळ मरूं दिलें नाहीं. आम्हांस करावयाचें आहे तें याहूनहि सोपें आहे. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करावे: एक फॉर्मॅलिनमध्यें, आकार तपासण्यासाठीं, दुसरा शुद्ध अल्कोहोलमध्यें, कारण फॉर्मॅलिननें डीएनए निकामी होतो. बाटलीवर पेन्सिलीनें क्रमांक, गांव, जलाशय व दिनांक लिहावा, आणि तोच क्रमांक एका जाड नोंदवहींत उतरवावा. प्रत्येक जातीचें स्वतः पाहून काढलेलें, मापरेषा असलेलें चित्र त्या क्रमांकाशीं जोडावें. नांव कोणत्या ग्रंथाच्या आधारें दिलें तें नांवापुढें लिहावें. 'फिलिपोज १९६७ प्रमाणें सेनेडेस्मस' असें म्हटलें कीं पुढच्या शंभर वर्षांत कितीहि फेरफार झाले तरी लिहिणाऱ्याचा अर्थ बदलत नाहीं. यास लागणारा खर्च महाविद्यालयाच्या एका वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाइतकाहि नाहीं. एक कपाट, शंभर बाटल्या, एक वही, आणि त्या कपाटाची किल्ली निवृत्त होतांना पुढच्या माणसाच्या हातीं देण्याची बुद्धि, एवढेंच काय तें भांडवल.

विद्यापीठानेंहि आपला वांटा उचलला पाहिजे. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें तें या भागाचें ज्ञान या भागांत निर्माण व्हावें म्हणून. शेवाळांवरील कोणताहि प्रबंध, त्यांतील नमुने एखाद्या संग्रहांत क्रमांकासह जमा केल्याची पावती जोडल्याशिवाय स्वीकारूं नये, असा एका ओळीचा नियम त्यानें केला तर वरील कारखाना एका वर्षांत बंद पडेल. फुलझाडांच्या बाबतींत दाबून वाळविलेला नमुना ठेवण्याची शिस्त आपल्याकडे आहे; पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम मंडळ १९५५ पासून तें काम करीत आहे. जें तरवडास व बाभळीस लागू आहे तें शेवाळास लागू नसण्याचें कांहीं कारण नाहीं. नियमामुळें प्रबंधांची संख्या घटेल, अशी भीति घातली जाईल. घटूं द्यावी. साठ नांवांच्या पंचवीस याद्यांपेक्षां सहा नांवांची एक यादी, जिच्या प्रत्येक नांवामागें एक बाटली उभी आहे, ती या जिल्ह्याच्या अधिक उपयोगाची.

वर्गांत काय शिकवावें, हा प्रश्न त्या मानानें किरकोळ आहे. नवें नांव शिकवावें, जुनें कंसांत सांगावें, आणि तें कां बदललें हें दहा मिनिटें समजावून द्यावें. त्या दहा मिनिटांत विद्यार्थ्यास शास्त्राची जी रीत कळेल ती नांवांची जंत्री पाठ करून कळणार नाहीं. नांवें यापुढेंहि बदलत राहतील. डेस्मोडेस्मसचेहि उद्यां आणखी तुकडे होतील, आणि तसें झालें तर त्याबद्दल कोणीहि अश्रु ढाळूं नयेत. परंतु तो दिवस उगवेल तेव्हां जर्मनींतील अभ्यासक आपल्या संग्रहांतील नळी काढून पाहील, जपानांतील काढील. आणि लातूर जिल्ह्यांतील अभ्यासकापाशीं दाखविण्यास पुन्हां एक छापील यादीच असेल, तर त्याचा दोष नांवें बदलणाऱ्यांवर टाकतां येणार नाहीं. या पावसाळ्यांत तळीं भरतील. ज्यांना विद्यार्थी आहेत त्यांनीं बाटल्या घेऊन निघावें, आणि त्या परत आणल्यावर ओतून देऊं नयेत.